पिएर जिफार

पिएर जिफार (१ मे १८५३ – २१ जानेवारी १९२२) हे फ्रेंच पत्रकार, लेखक आणि लांब पल्ल्याच्या क्रीडाप्रसंगांचे आद्य आयोजक होते. पॅरिसहून ब्रेस्तपर्यंत सायकलने जाऊन पुन्हा पॅरिसला परतण्याची सुमारे १,२०० किलोमीटरची ‘पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस’ ही यात्रा त्यांच्या कल्पनेतून १८९१ मध्ये साकारली. १८९४ मधील पॅरिस ते रुआँ ही मोटारगाड्यांची चाचणीही त्यांनीच घडवून आणली. ती मोटार-शर्यतींच्या इतिहासाचा आरंभ मानली जाते. ते स्वतः नामांकित सायकलपटू नव्हते. सामान्य माणसाने स्वेच्छेने पत्करावे असे अवघड आव्हान कोणते, ते किती अवघड असावे आणि त्याचे नियम कोणते असावेत, हे ठरवणे हे त्यांचे खरे काम होते.

पूर्वायुष्य आणि पत्रकारिता

जिफार यांचा जन्म नॉर्मंडीतील फोंतेन-ल-दँ या लहान गावी झाला. तरुणपणीच ते पॅरिसच्या वृत्तपत्रसृष्टीत आले. त्या काळातील फ्रेंच पत्रकारिता मुख्यतः मतप्रदर्शनाची होती. अग्रलेख लिहिणारा मोठा आणि बातमी आणणारा धाकटा, अशी उतरंड होती. जिफार यांनी दुसरी वाट धरली. घटनास्थळी जाऊन, डोळ्यांनी पाहून आणि तपशील गोळा करून लिहिणारा वार्ताहर म्हणून ‘ल फिगारो’मध्ये त्यांचे नाव झाले. या भटकंतीच्या आठवणी त्यांनी १८८० मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केल्या.

नव्या यंत्रांचे त्यांना विलक्षण कुतूहल होते. टेलिफोन आणि फोनोग्राफ ही दोन्ही उपकरणे युरोपात नवलाईची असताना, १८७८ मध्ये, त्यांनी ती सर्वसामान्यांना समजावून देणाऱ्या पुस्तिका लिहिल्या. पाठोपाठ विजेच्या दिव्यावर लिहिले. पॅरिसमधील मोठ्या बाजारपेठी-दुकानांवर आणि रेल्वेच्या जगावरही त्यांची पुस्तके आहेत. त्यांची भूमिका शास्त्रज्ञाची नव्हती. हे यंत्र माझ्या काय उपयोगाचे, असे विचारणाऱ्या वाचकाला उत्तर देणे हा त्यांचा हेतू असे, आणि सायकलकडे ते वळले तेही याच दृष्टीने.

१८८७ मध्ये ते ‘ल पती जुर्नाल’ या दैनिकात आले. खप दहा लाखांच्या घरात असलेले हे स्वस्त दैनिक कारकून, दुकानदार, कारागीर आणि खेड्यांतील शिक्षक यांच्या हाती पडत असे. जिफार यांना प्रथमच एवढा मोठा वाचकवर्ग मिळाला. सायकलविषयीचे लेख ते ‘जाँ-सां-तेर’ या टोपणनावाने लिहीत. राज्य गमावलेल्या इंग्लंडच्या जॉन राजाला फ्रेंचमध्ये याच नावाने ओळखतात. १८९१ मध्ये त्यांनी सायकलवर एक पुस्तक लिहिले आणि शीर्षकातच तिला राणीचा मान दिला. फ्रेंच लोक आजही सायकलला लाडाने ‘छोटी राणी’ म्हणतात; या नावाचा उगम बरेच जण जिफार यांच्या या पुस्तकापाशी शोधतात.

सायकलची अवस्था आणि बोर्दो-पॅरिस

१८९१ हे वर्ष सायकलच्या दृष्टीने संक्रमणाचे होते. पुढे प्रचंड आणि मागे चिमुकले चाक असलेली उंच सायकल मागे पडत होती. तिच्या जागी दोन सारख्या चाकांची, साखळीने चालणारी, आजच्या घडणीची सायकल येत होती. भरीव रबराऐवजी हवा भरलेले टायर आले होते, पण ते लवकर पंक्चर होत आणि दुरुस्तीला फार वेळ लागे. किंमत मोठी असल्यामुळे सायकल हा अजूनही हौशी श्रीमंतांचा खेळ समजला जाई.

त्याच वर्षी मे महिन्यात बोर्दो ते पॅरिस अशी सुमारे ५७५ किलोमीटरची शर्यत झाली. इंग्रज सायकलपटू जी. पी. मिल्स यांनी ती साडेसव्वीस तासांच्या आसपास जिंकली आणि पहिले चारही क्रमांक इंग्रजांनी पटकावले. फ्रेंच लोकांना हा पराभव झोंबला. जिफार यांनी मात्र त्यातून आणखी एक गोष्ट हेरली. शर्यतीच्या बातम्यांसाठी लोक वृत्तपत्रांवर तुटून पडले होते आणि वाटेवरची गावे रात्री जागी राहिली होती.

ब्रेस्तची निवड

बोर्दो-पॅरिसला उत्तर म्हणून जिफार यांनी जो मार्ग योजला, त्याचे अंतर आधीच्या शर्यतीच्या दुपटीहून अधिक होते. ब्रेस्त हे फ्रान्सच्या पश्चिम टोकावरचे नौदलाचे बंदर. त्यापुढे रस्ता संपतो आणि अटलांटिक महासागर सुरू होतो. पॅरिसहून व्हर्साय, मोर्तान्य, आलाँसों, लावाल, रेन, सँ-ब्रिय, गँगाँ, मोर्ले अशा गावांवरून ब्रेस्तला पोहोचायचे आणि त्याच वाटेने परतायचे, अशी योजना होती. या वाटेवर मोठे पर्वत नाहीत, परंतु नॉर्मंडी आणि ब्रिटनीमधील चढउतार संपतही नाहीत. एखादा घाट चढून गेले की सुटले, असा दिलासा येथे मिळत नाही.

जाऊन परत येण्याची अट हीच या योजनेची कसोटी ठरली. एका दिशेच्या शर्यतीत थकलेला माणूस मुक्कामाच्या ओढीने पुढे रेटत राहतो. येथे समुद्र दिसल्यावर अर्धेच काम झालेले असते आणि ज्या चढांनी येताना दम काढला तेच पुन्हा चढायचे असतात. वार्ताहर म्हणून जिफार यांना यात सोयही होती: तीच गावे, त्याच चौक्या आणि तीच तारयंत्रे दोनदा कामाला येत.

या उपक्रमाला त्यांनी जाणीवपूर्वक शर्यत म्हटले नाही. त्यासाठी त्यांनी ‘कसोटी’ या अर्थाचा फ्रेंच शब्द वापरला. पुढे जे नियम केले त्यांत हा भेद स्पष्ट दिसतो. स्वाराने आरंभापासून अखेरपर्यंत एकच सायकल वापरावी, ती वाटेत बदलता येऊ नये म्हणून तिला आधीच मोहोर लावली जावी, ठरलेल्या चौक्यांवर थांबून आपली नोंद करावी, आणि सर्व अंतर दहा दिवसांच्या आत पूर्ण करावे. आपले खाणेपिणे आणि कपडे बरोबर बाळगणारा स्वावलंबी स्वार त्यांच्या डोळ्यांसमोर होता. अर्थात आघाडीच्या व्यावसायिक स्वारांच्या बाबतीत हा आदर्श पूर्णपणे उतरला नाही. सायकल आणि टायरच्या कंपन्यांनी आपापल्या माणसांसाठी वाटेवर मदतनीस ठेवले होते.

या नियमांत दहा दिवसांची मुदत सर्वांत महत्त्वाची होती. दिवसाला सुमारे १२० किलोमीटर म्हणजे अशक्य नव्हे. धडधाकट आणि चिवट माणसाला रात्री झोपूनही ते जमण्यासारखे होते. अंतर ऐकून छाती दडपावी, पण मुदत पाहून आपल्यालाही जमेल असे वाटावे, असा मेळ जिफार यांनी साधला होता. विजेता कोण, यापेक्षा किती जण आणि किती सायकली धडपणे परत येतात याला त्यांच्या लेखी अधिक किंमत होती. जड सायकलवर आठ-नऊ दिवसांनी परतणारा कारकून हा त्यांच्या युक्तिवादाचा खरा साक्षीदार होता.

सहभागाला मर्यादाही होत्या. बोर्दोचा अनुभव ताजा असल्याने फक्त फ्रेंच नागरिकांना प्रवेश होता, आणि स्त्रियांना सहभागी होऊ दिले गेले नाही. सायकल ही सर्वांच्या उपयोगाची आहे असे सांगणाऱ्या उपक्रमाच्या दृष्टीने दुसरी मर्यादा विसंगत होती, पण तत्कालीन समाजाला ती खटकली नाही.

पहिली कसोटी, सप्टेंबर १८९१

नावे चारशेहून अधिक लोकांनी नोंदवली होती. ६ सप्टेंबर १८९१ रोजी पहाटे ‘ल पती जुर्नाल’च्या कार्यालयासमोर प्रत्यक्षात जमले ते दोनशेच्या किंचित वर. नाव नोंदवणे आणि पहाटे हजर होणे यांतले अंतर तेव्हाही मोठेच होते. नव्या घडणीच्या सायकलींबरोबर तीनचाकी आणि जोडस्वारीच्या सायकलीही होत्या.

आघाडीवर दोन नावे होती. शार्ल तेराँ हे फ्रान्समधील सर्वांत प्रसिद्ध सायकलपटू होते; इंग्लंड आणि अमेरिकेतही ते स्पर्धा खेळून आले होते. त्यांच्या हंबर सायकलला क्लेर्माँ-फेराँ येथील मिशेलिन बंधूंनी बनवलेले, चाकावरून काढता येणारे हवेचे टायर होते. प्रतिस्पर्धी जिएल-लावाल यांनी डनलॉपचे टायर लावले होते. दोघांनाही पंक्चरमुळे खोळंबावे लागले, एकेका दुरुस्तीत तासभर गेला. तरीही भरीव रबरावर हाडे खिळखिळी करून घेणाऱ्यांपेक्षा ते पुष्कळ पुढे होते. परतीच्या वाटेवर, तिसऱ्या रात्री, जिएल-लावाल झोपले असताना तेराँ त्यांना मागे टाकून गेले. ९ सप्टेंबरच्या सकाळी ते पॅरिसला पोहोचले तेव्हा हजारो लोक वाट पाहत उभे होते. त्यांना ७१ तास २२ मिनिटे लागली होती आणि या काळात त्यांनी जवळजवळ झोप घेतली नव्हती.

इतर स्वार पुढचा आठवडाभर एकेकटे, दोघे-तिघे असे येत राहिले. निघालेल्यांपैकी सुमारे शंभर जणांनी मुदतीत अंतर पूर्ण केले. ताज्या तारा पोहोचत असल्याने वाचकांना रोज नवा मजकूर मिळत होता आणि वृत्तपत्राचा खप वाढला. हवेचे टायर लांब पल्ल्याला टिकतात हे सिद्ध झाले, आणि भरीव रबराचे दिवस भरले. मात्र या व्यवस्थेचा भार एवढा होता की हा उपक्रम दर दहा वर्षांनीच करावा असे ठरले. त्या निर्णयाने या यात्रेला दुर्मीळतेचे मोल दिले. तिची वाट पाहावी लागते, तिच्यासाठी तयारी करावी लागते.

पायी, मोटारीने आणि धावत

पुढच्याच वर्षी जिफार यांनी पॅरिस ते बेल्फोर ही पायी चालण्या-धावण्याची शर्यत योजली. साडेतीनशे किलोमीटरहून अधिक अंतराच्या या शर्यतीत आठशेहून अधिक लोक निघाले, आणि शेकडो जण मुदतीत पोहोचले.

जुलै १८९४ मधील पॅरिस-रुआँ चाचणी ही घोड्यावाचून चालणाऱ्या गाड्यांसाठी होती. अंतर १२६ किलोमीटर होते. गाडी सुरक्षित असावी, हाकायला सोपी असावी आणि तिचा खर्च आवाक्यातला असावा, या निकषांवर बक्षीस द्यायचे होते. रुआँला सर्वांत आधी काउंट द द्यों यांची वाफेवर चालणारी गाडी पोहोचली. परंतु ती चालवायला चालकाखेरीज भट्टी सांभाळणारा माणूस लागत असल्याने ती पहिल्या बक्षिसाला पात्र ठरली नाही. ५,००० फ्रँकचे पहिले बक्षीस पानार-लेव्हासोर आणि प्यूजो या कंपन्यांना विभागून मिळाले. सर्वांच्या आधी पोहोचूनही पहिला क्रमांक नाकारला जाण्याचा हा प्रसंग तेव्हा नियमाला धरूनच होता. पुढे मात्र द द्यों आणि जिफार यांची गाठ फार कडवट परिस्थितीत पडली.

त्यानंतर मोटारींच्या निव्वळ वेगाच्या शर्यती सुरू झाल्या. त्यांच्यापासून जिफार दूर राहिले. १८९६ मध्ये अथेन्सच्या ऑलिंपिकमधील मॅरेथॉन गाजताच त्यांनी त्याच उन्हाळ्यात पॅरिस ते कोंफ्लाँ ही ४० किलोमीटरची धाव भरवली. ती इंग्रज धावपटू लेन हर्स्ट यांनी जिंकली.

‘ल व्हेलो’ आणि ड्रेफस प्रकरण

१८९६ च्या सुमारास जिफार ‘ल व्हेलो’ या क्रीडा दैनिकाचे प्रमुख झाले. हिरव्या कागदावर छापले जाणारे हे दैनिक फ्रान्समधील क्रीडा पत्रकारितेत सर्वांत वजनदार होते. सायकल आणि मोटार कारखानदारांच्या जाहिरातींवर त्याचा डोलारा उभा होता.

याच काळात ड्रेफस प्रकरणाने फ्रान्सचे दोन तुकडे केले. तोफखान्यातील ज्यू अधिकारी कॅप्टन आल्फ्रेद ड्रेफस यांना जर्मनीसाठी हेरगिरी केल्याच्या आरोपावरून १८९४ मध्ये शिक्षा झाली होती. पुरावा खोटा असल्याचे हळूहळू उघड होत गेले. लष्कराची अब्रू मोठी की एका निरपराध माणसाचा न्याय, या प्रश्नावर घराघरांत भांडणे झाली. जिफार ड्रेफस यांच्या बाजूने उभे राहिले. खेळाच्या दैनिकाने राजकारणात पडू नये हा संकेत त्यांनी मानला नाही. त्यांच्या दैनिकाचे बहुतेक जाहिरातदार नेमके विरुद्ध बाजूचे होते.

जून १८९९ मध्ये ओतय येथील घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर राष्ट्राध्यक्ष एमिल लुबे यांच्यावर एका उमरावाने छडीने हल्ला केला. त्या गोंधळात सामील असल्याबद्दल द द्यों यांना पंधरा दिवसांची कैद झाली. जिफार यांनी या वर्तनावर कडक टीका केली. द द्यों संतापले आणि त्यांनी ‘ल व्हेलो’शी संबंध तोडले. जाहिरातींच्या चढ्या दरांवरून आधीच नाराज असलेले आदोल्फ क्लेमाँ आणि एदुआर मिशेलिन यांच्यासारखे उद्योजकही त्यांना मिळाले. ज्या मिशेलिन टायरला ब्रेस्तच्या वाटेने कीर्ती दिली, त्याच्या निर्मात्यांपैकी एक आता त्या वाटेच्या जनकाविरुद्ध उभा होता.

१९०० मध्ये जिफार नॉर्मंडीतील इव्हतो येथून संसदेच्या निवडणुकीला उभे राहिले. आदल्याच वर्षी त्यांचे घोड्याच्या अस्ताविषयीचे पुस्तक आल्बेर रोबिदा यांच्या चित्रांसह प्रसिद्ध झाले होते. यंत्रयुगात घोड्याला जागा उरणार नाही असे त्यात मांडले होते. द द्यों यांनी या पुस्तकाच्या प्रती त्या मतदारसंघात वाटल्या असे सांगितले जाते. शेती आणि घोडे यांवर जगणाऱ्या मतदारांना हे पुस्तक रुचणे शक्य नव्हते. जिफार पराभूत झाले.

१६ ऑक्टोबर १९०० रोजी विरोधकांचे नवे दैनिक निघाले. त्याचे नाव ‘लोतो-व्हेलो’, कागद पिवळा आणि संपादक आँरी देग्राँज, जे स्वतः तासाभराच्या सायकल विक्रमाचे मानकरी होते. नावातील साम्यावरून जिफार न्यायालयात गेले. जानेवारी १९०३ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि प्रतिस्पर्ध्याला आपले नाव केवळ ‘लोतो’ असे करावे लागले. सायकलप्रेमी वाचक नावाअभावी दुरावतील या भीतीने त्या दैनिकाने एक मोठी सायकल शर्यत जाहीर केली. जुलै १९०३ मध्ये झालेली ही शर्यत म्हणजे पहिली ‘तूर द फ्राँस’. ‘लोतो’चा खप झपाट्याने वाढला आणि ‘ल व्हेलो’ १९०४ मध्ये बंद पडले. खटला जिंकण्यातूनच जिफार यांच्या दैनिकाचा अंत ओढवला, असे म्हणण्यास जागा आहे. तूर द फ्राँसची मूळ कल्पनाही ब्रेस्तच्या यशावर उभी होती: वृत्तपत्राने लांब पल्ल्याचे आव्हान उभारायचे आणि देशाने ते वाचायचे.

दरम्यान १९०१ मध्ये ठरल्याप्रमाणे दुसरी पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस झाली, आणि तिच्या आयोजनात ‘ल पती जुर्नाल’बरोबर देग्राँज यांचे दैनिक होते. मोरिस गारँ यांनी ती ५२ तास ११ मिनिटांत जिंकली. या वेळी व्यावसायिक स्वार आणि हौशी प्रवासी स्वार असे दोन वेगळे गट केले गेले. १८९१ मध्ये जे दोन हेतू एकाच वाटेवर एकत्र धावले होते, त्यांची येथे फारकत सुरू झाली.

उत्तरायुष्य

‘ल व्हेलो’ बंद पडल्यावर जिफार रशिया-जपान युद्धाचे वार्तांकन करण्यासाठी पूर्वेकडे गेले. १९०८ मध्ये भविष्यातील महायुद्धाची कल्पना रंगवणारी त्यांची दीर्घ कादंबरी रोबिदा यांच्या चित्रांसह भागशः प्रसिद्ध झाली. पुढे ते ‘लोतो’मध्येच लिहू लागले. ज्या दैनिकाने त्यांचे दैनिक संपवले, त्याच्या संपादकाने त्यांना जागा दिली आणि त्यांनी ती स्वीकारली.

त्यांचे अखेरचे वास्तव्य पॅरिसजवळच्या मेझों-लाफित येथे होते. तेथील मिठाईवाले लुई द्युराँ यांनी १९१० मध्ये जिफार यांच्या सूचनेवरून सायकलच्या चाकासारखा गोल, मधे मलई भरलेला आणि वर बदामाचे काप लावलेला गोड पदार्थ तयार केला, असे मानले जाते. ‘पॅरिस-ब्रेस्त’ या नावाने तो आज फ्रान्सभर मिळतो. सायकलीशी काडीचा संबंध नसलेल्या लोकांना ही यात्रा बहुधा त्या नावानेच माहीत असते. २१ जानेवारी १९२२ रोजी मेझों-लाफित येथे जिफार यांचे निधन झाले.

ब्रेस्तची वाट पुढे

व्यावसायिकांची पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस १९५१ मध्ये शेवटची झाली. पुढे तिच्यासाठी पुरेसे स्पर्धकच मिळाले नाहीत. हौशी स्वारांची यात्रा १९३१ पासून स्वतंत्रपणे सुरू झाली होती, आणि तीच टिकली. आता ती ‘ओदाक्स क्लब पारिझियँ’ ही संस्था दर चार वर्षांनी भरवते. विजेता घोषित होत नाही. स्वार नाव नोंदवतानाच ८०, ८४ किंवा ९० तास यांपैकी एक मुदत निवडतो, चौक्यांवर नोंद करतो आणि आपली सायकल स्वतः सांभाळतो. १८९१ मध्ये संपूर्ण देशाला थक्क करणारी तेराँ यांची ७१ तासांची वेळ आज यांतील सर्वांत कडक मुदतीच्याही आत बसते. उलट शेवटच्या माणसाला तेव्हा मिळणारे दहा दिवस मात्र आता चारांहून कमी झाले आहेत.

या यात्रेला जाण्यासाठी त्याच वर्षी २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या ‘ब्रेव्हे’ नावाच्या चाचण्या अनुक्रमे साडेतेरा, २०, २७ आणि ४० तासांत पूर्ण कराव्या लागतात. मुंबई, पुणे, नाशिक अशा शहरांतील सायकल मंडळे या चाचण्या भरवतात, आणि महाराष्ट्रातील स्वारही ब्रेस्तला जाऊन आले आहेत. अलीकडच्या खेपांत आरंभ पॅरिसऐवजी नैऋत्येकडील राँबुये येथून होतो. तेथून पश्चिमेकडे निघालेला स्वार समुद्रापर्यंत जातो आणि ब्रेस्तला शिक्का घेऊन मागे वळतो.